माझं चालून झालं होतं

निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेऊन घरी आले, चपला काढल्या आणि ह्यांना म्हणाले, "आता मी कुठंही चालत जाणार नाही. दुधाची पिशवी आणायलासुद्धा नाही."

हे हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतेय.

माझी सगळी नोकरी पाथर्डीच्या बाजूला, उपकेंद्रावरची सिस्टर म्हणून झाली. वस्त्या लांब लांब, मधे नुसता माळ. पट्ट्यानं खांद्याला अडकवलेला लसीचा डबा चालताना कमरेवर आपटत राहायचा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. बायाबापड्या ट्रकमध्ये चढायच्या आत तान्ह्या पोरांचे डोस द्यायचे, पोटुशी बाई असली तर तपासायची, गोळ्या हातात द्यायच्या. तेव्हा मी त्या माळावरून अक्षरशः पळायची. एखादी बाई पोराला कडेवर घेऊन ट्रकशेजारी उभी असायची आणि ड्रायव्हरला म्हणायची, "थांब की जरा, सिस्टर येत्यात." ती थांबलीय म्हटल्यावर पाय दुखतात की नाही, हे कळायचंच नाही. घरी येऊन टेकले की मग कळायचं.

त्यामुळं मला निवृत्ती म्हणजे बसणं एवढंच ठाऊक होतं. नगरला सावेडीत आम्ही फ्लॅट घेतला होता, दुसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. मुलगा नोकरीनिमित्त बाहेर. हे साखर कारखान्यातून माझ्याआधीच रिटायर झालेले. दोघांनाच घर, आणि कुणाला कसला रिपोर्ट द्यायचा नाही. पहिलं वर्ष मी मनसोक्त बसले. सकाळी उशिरा उठायचं, चहाबरोबर खारी, जेवून झोप, उठून परत चहा, मग सीरियल. उरलेली भाजी टाकवत नाही म्हणून तीही मीच संपवायची. ब्लाउजची शिलाई एकदा उसवली, दोनदा उसवली, मग आत कापडच उरलं नाही. तेव्हापासून मी घरात गाऊनवर राहायला लागले. गाऊन फार वाईट गोष्ट. बाईला तो काही म्हणजे काही सांगत नाही.

सांगितलं ते पुणतांब्यात. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाचं जावळ होतं. ओसरीत सतरंजीवर सगळ्या बायका बसल्या, त्यांच्यात मीही बसले. जेवायला उठायची वेळ आली आणि मला उठताच येईना. एक हात जमिनीला लावला, दुसरा भिंतीला, गुडघ्यातून कळ आली आणि मी परत खाली बसले. आक्का आली, तिनं सुनेला हाक मारली. दोघींनी काखेत हात घालून मला उभं केलं.

"आगं बये, लई जड झालीस की तू," आक्का म्हणाली. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि अजून शेतात जाते. "काय दुखतंय का तुला? मला सांग तरी."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. बाकीच्या बायका नजर चुकवून पदर सारखे करत राहिल्या.

नगरला आल्यावर डॉक्टरकडं गेले. माझ्या मुलाच्या वयाची डॉक्टर. एक्स-रे बघून तिनं सांगितलं, गुडघे झिजलेत, साखरही काठावर आहे, वजन उतरवलं तर ऑपरेशन बरंच पुढं ढकलता येईल. मग जरा संकोचून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही याच लाइनीतल्या."

खरंच होतं. गोड कमी करा, तेल कमी करा, रोज चाला, हे मी वस्त्यावस्त्यांवर सांगत फिरलेली. डोक्यावर हंडा घेतलेल्या बायकांना 'रोज चाला' म्हटलं की त्या म्हणायच्या, "मंग काय करतोय आमी?" आता ते मलाच ऐकायचं होतं, आणि मनात एकच येत होतं की माझं चालून झालंय. आयुष्यभराचं चालून ठेवलंय मी. ते कुठं जमा नाही का झालं?

तरी सुरुवात केली. खाण्याचं जास्त अवघड गेलं. ह्यांना आमटीवर तवंग लागतो, भाजीत दाण्याचं कूट लागतं. "तुझ्यासाठी वेगळं कर की," हे म्हणाले. म्हणायला सोपं. दोन कुकर, दोन कढया, आणि ह्यांच्या भाजीची चव मीच बघायची. एका रविवारी हे गरम जिलबी घेऊन आले आणि पुडा माझ्यासमोर ठेवला. मला एकदम रडूच आलं.

"अहो, तुम्हाला काही कळतं का? मी इथं उपाशी राहतेय आणि तुम्ही..."

"तुला आवडते म्हणून आणली," हे इतकंच म्हणाले. पुडा घेऊन शेजारी देऊन आले.

मला टिकवलं ते खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी. माझ्याच वयाच्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्या सकाळी शाळेमागच्या मैदानावर फिरायला जायच्या. एकदा जिन्यात मला कठडा धरून चढताना त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, उद्या सकाळी मी खाली थांबते. या."

वजनाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही. त्या नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोलायच्या, मी माझ्या वस्त्यांबद्दल. पायाकडं लक्षच नसायचं. थंडी सरेपर्यंत मला जिना न थांबता चढता यायला लागला. गाऊन कपाटात गेला. डॉक्टरनं काटा बघून "व्वा" म्हटलं, तेव्हा घरी येताना मी रिक्षा केली नाही.

मग वहिनींच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या पुण्याला गेल्या. "दोन महिन्यांत येते," म्हणाल्या. मुलीची रजा संपली, बाळाला बघायला कोणी नाही, म्हणून राहिल्या. पुढं फ्लॅट भाड्यानं दिला. सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा मीच त्यांच्या कुंड्या वर आणल्या.

एकटी काही दिवस गेले मी मैदानावर. मग पाऊस लागला, मग घरी पाहुणे, मग गौरी-गणपती. एकेक दिवस करत सुटलं. सकाळी जाग यायची, छताकडं बघत पडून राहायची. जायचं नाही असं ठरवलेलं नसायचं, पण उठणंही व्हायचं नाही. नोकरीत मला ताकद कुठून यायची, ते तेव्हा लक्षात आलं. कोणीतरी थांबलेलं असायचं. आता थांबलेली मीच होते, आणि स्वतःला ताटकळत ठेवायला मला काहीच वाटत नव्हतं.

वजन आलं. सगळं नाही, पण बरंचसं. उतरवायला जेवढा जीव काढला, तेवढा चढताना काही लागला नाही. या वेळी धक्का बसला नाही की रडू आलं नाही. नुसता थकवा आला. तेच पहिल्यापासून करायचं, या विचाराचाच थकवा.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. इकडचं-तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलंच, "चालताय ना, सिस्टर?"

"चालते की," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मी नाही हो चालत. खाली उतरलं की नुसत्या गाड्या. आणि एकटीनं नको वाटतं. लिफ्ट बंद असली की जिना चढताना दम लागतो आता."

मग माझ्यानंही राहवलं नाही. "मीही नाही चालत, वहिनी. कधीच सुटलंय."

दोघी हसलो, पण ते काही आनंदाचं हसू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. "मी आमच्या पार्किंगमध्ये उभी आहे. तुम्ही मैदानावर जा. बोलत बोलत चालू." मुलानं दिलेले इअरफोन ड्रॉवरमध्ये पडून होते, ते कानात घालून मी गेले. लोक बघायचे, बाई एकटीच काय बोलतेय. नंतर बघेनासे झाले.

हेही रोज होत नाही. कधी त्यांच्याकडं बाळ आजारी, कधी माझा गुडघा सुजलेला, कधी कुणालाच काही नाही, नुसता कंटाळा. काटा थोडा खाली आलाय, पहिल्यासारखा नाही. डॉक्टर आता "व्वा" म्हणत नाही. "वाढू देऊ नका," एवढंच म्हणते. ऑपरेशनचा विषय ती काढत नाही, मीही काढत नाही. हे अजून तवंगाचीच आमटी खातात. मी वरचं तेल बाजूला सारून खालची वाढून घेते, दोन कढया करणं सोडून दिलंय.

परवा सकाळी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी अंथरुणातच होते.

"निघालात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. अजिबात इच्छा नाही."

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "मी लिफ्टमध्ये आहे. रेंज जाईल. खाली गेले की लावते."

फोन कट झाला. मी जरा वेळ तशीच बसले. मग पलंगाच्या कडेला हात टेकून उठले आणि साडी नेसायला घेतली.