पोटाला पुट्टी

काय सांगू, माझ्या हर्नियाचं ऑपरेशन झकास झालं होतं. ते माझ्या तोंडानं जवळजवळ फेल केलं. चहा घ्या आणि ऐका.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर बघतो. जूनमध्ये उल्हासनगरच्या एका छोट्या हॉस्पिटलात माझं ऑपरेशन झालं. दुर्बिणीतून. तीन भोकं पाडली, आत पोटाच्या भिंतीला जाळी बसवली, दुसऱ्या दिवशी घरी. डॉक्टर तरुण, पण फार काटेकोर. म्हणाले, "ही पद्धत आमच्याकडे नवीन आहे. मी प्रत्येक पेशंटला सहा महिन्यांनी फोन करून विचारतो. काही बिघडलं असेल तर तेही लिहून ठेवतो." मला माणूस आवडला.

आता याच काळात मी आमचा चिखलोलीचा फ्लॅट विकायला काढला होता. आधीचं एक गिऱ्हाईक भिंतीवरची ओल लपवली म्हणून उठून गेलं होतं. म्हणून आमच्या बायकोनं ताकीद दिली होती, "या वेळी विचारतील ते सगळं खरं सांगा." डिसेंबरात एका सकाळी एजंटचा मेसेज आला, 'एक मॅडम फोन करतील, पार्टी चांगली आहे.'

तासाभरात फोन आला. मी कॉम्प्रेसरशेजारी उभा. कानात एवढंच शिरलं, "…मधून कविता बोलतेय. जाळी बसवलीय ना, तिच्याबद्दल विचारायचं होतं."

हॉस्पिटलच्या कविता सिस्टर. तुम्हाला कळलं, मला नाही कळलं. मी मनात म्हटलं, बाई अनुभवी दिसते. बाकीचे पार्किंग विचारतात, ही थेट खिडकीच्या जाळीवर आली.

"जाळी मजबूत आहे," मी म्हणालो. "खालच्या बाजूला थोडा गंज धरलाय."

"गंज? आपको कैसे पता चला?"

"दिसतो ना. हात लावला की बोटाला लागतो."

"बरं. आणि भिंत? फुगवटा परत आलाय का?"

"आलाय. पुरीएवढा. दाबलं की पोकळ लागतं."

"त्रास होतो?"

"मला नाही. बायको रोज बोलते."

"तिथून काही पाणी वगैरे?"

"पावसाळ्यात झिरपायचं. मग मी स्वतः पुट्टी भरली."

"काय भरली?"

"पुट्टी. फट होती तिथे. यूट्यूबवर बघून केलं. वरून पांढरा रंग मारला, आता पत्ता लागत नाही."

बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. मला वाटलं, सौदा हातचा जातोय. म्हणून अजून प्रामाणिक झालो. "हे बघा मॅडम, वरून दाबून काही कळणार नाही. एकदा पूर्ण उघडायलाच लागेल. माझं तर म्हणणं, फोडून नवीन करा."

"ते सर ठरवतील," त्या म्हणाल्या. "तुम्ही जिथे आहात तिथेच बसा. हलू नका."

सर म्हणजे मिस्टर असणार. आजच बघायला येतायत. मी खूश होऊन खुर्चीत बसलो.

पंधरा मिनिटांनी आमचे सेफ्टी ऑफिसर साळुंखे दोन माणसं आणि स्ट्रेचर घेऊन आले. हॉस्पिटलनं बायकोला फोन केला होता, बायकोनं साळुंख्यांना. मी उभा राहायला लागलो तर साळुंखे म्हणाले, "बोलू नका. आडवे व्हा." अख्ख्या प्लँटमधून मला आडवा नेला. पॅकिंगवाल्या बायका हळहळत होत्या.

अँब्युलन्समध्ये बायकोचा फोन आला. आवाज अगदी थंड. "अहो, पोटाला पुट्टी का लावलीत?"

"पोटाला कशाला लावू? चिखलोलीच्या भिंतीला लावली."

ती म्हणाली, "मग सिस्टरना काय सांगितलंत?"

तेव्हा माझ्या डोक्यात एकेक वाक्य परत वाजायला लागलं. पुरीएवढा फुगवटा. पांढरा रंग. फोडून नवीन करा. साळुंख्यांना सांगायला गेलो तर त्यांनी माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क दाबला.

हॉस्पिटलात पोचल्यावर खरी लाज वाटली. माझी जाळी ज्या लॉटमधली, त्याच लॉटमधल्या जाळ्या त्या दिवशी अजून दोन पेशंटना बसवायच्या होत्या. डॉक्टरांनी दोन्ही ऑपरेशनं थांबवली होती. चामटोलीचे एक काका सकाळपासून उपाशी, हिरवा गाऊन घालून बाकावर बसले होते. मला आत नेताना म्हणाले, "पुट्टीवाले तुम्हीच काय?"

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "जाळी प्लॅस्टिकची असते, ती गंजत नाही," ते म्हणाले. "म्हणून मला वाटलं, जखमेतून तांबूस काहीतरी येतंय आणि तुम्ही त्याला गंज म्हणताय. रविवारी कल्याणला मोठ्या सर्जन लोकांसमोर उभा राहून मी ही पद्धत सुरक्षित आहे म्हणणार होतो. आज सकाळी ते भाषण फाडून टाकलं."

"पण एका पेशंटच्या बोलण्यावरून?"

"एकाचं बिघडलं तरी ते सांगायला लागतं," ते म्हणाले. "शर्ट वर करा."

दाबून बघितलं, खोकायला लावलं, सोनोग्राफी केली. आत सगळं जागच्या जागी. डॉक्टरांनी पहिल्यांदा मोठा श्वास सोडला आणि काकांना आत घ्यायला सांगितलं. काका जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "आता घरी जा. आणि फोन उचलू नका कुणाचा."

कविता सिस्टर नवा फॉर्म घेऊन आल्या. सकाळचा त्यांनी माझ्यासमोर फाडला. मी माफी मागितली, त्या म्हणाल्या, "कोई बात नहीं," पण माझ्याकडे न बघता.

मग त्या एकेक रकाना वाचत गेल्या. "दुखणं, नाही. सूज, नाही. जाळी, जागेवर." त्यांनी पेन थांबवलं. "सर, कॉम्प्लिकेशन काय लिहू?"

डॉक्टर हात धूत होते. मान न वळवता म्हणाले, "लिहा. पेशंट."