सोनकांबळे सरांचा दाखला

सोनकांबळे सर भाकरी मोडायच्या आधी तिचा वास घ्यायचे. डोळे झाकून सांगायचे, ही दगडी ज्वारी, ही गुळभेंडी. एकदा माझ्या डब्यातली हुंगली अन् परत डब्यात ठेवली. मी म्हणलं, सर, कोणती? म्हणले, "लालाभाई, ही रेशनची हाय. हिला गावच न्हाई."

अहमदपूरकडच्या एका लहान कॉलेजात ते झाडापानांचा विषय शिकवायचे अन् मी शिपाई. शाळा मी बाहेरूनच बघितलेली. घंटा द्यायचो ती बी घड्याळ बघून न्हाई, सरांचा घसा बसला की द्यायचो.

सरांना एकच येड. सायकलवर गावोगाव फिरून ज्वारीचं जुनं बियाणं गोळा करायचं. आमच्याकडं ते कुणी विकत न्हाई. बाया राखेत घालून मडक्यात ठेवतात. मागितलं तर म्हणतात, तू खायचे दाणे दे, मी पेरायचे देते. सरांनी घरची ज्वारी अशीच वाटून संपवली. मग दुष्काळ पडला अन् लोक मडक्यातलं बियाणं दळून खाऊन राहिले. सर म्हणायचे, "पोटात गेल्यावर सगळे दाणे एकाच जातीचे. आपण बदल्यात खायला दिलं तर माणूस अन् बियाणं दोन्ही वाचतील."

पण द्यायला घरात काही उरलं नव्हतं. म्हणून सर अर्ज करायला लागले. मास्तर लोकांना अभ्यासासाठी लहानसं अनुदान मिळायचं. दर साली अर्जात कुठला तरी कागद कमी पडायचा. त्या साली एकच कागद राहिला, आमचा भाग दुष्काळी हाय असा कचेरीचा दाखला. अन् आमचा तालुका नुकताच जुन्या जिल्ह्यातून तोडून नव्याला जोडलेला. जुने म्हणले, तुम्ही आता आमचे न्हाई. नवे म्हणले, तुमची दप्तरं अजून आली न्हाईत. पाऊस न्हाई हे सगळ्यांना दिसत होतं, लिहून कुणी देईना.

शेवटी नव्या जिल्ह्याचा निरोप आला, दाखला तयार हाय, लातूरला येऊन घेऊन जा. अर्जाचा शेवटचा दिवस. सरांची परीक्षेची ड्यूटी, म्हणून मला धाडलं. एसटीत बसवताना म्हणले, "कचेरीच्या खिडकीसमोरून हलू नको."

मी लाईनीत तिसरा होतो. तेवढ्यात रस्त्यावर पाण्याचा टँकर आला. घरी दोन दिस थेंब नव्हता, अन् तेव्हा कॅन चपलेसारखा सोबतच असायचा. म्हणलं, पळत जातो, पळत येतो. पळत गेलो, पण तिथल्या बायांनी मला कोपरानं ढकलत ढकलत पार शेवटी नेऊन उभं केलं. कॅन भरून आलो तर खिडकी बंद. साहेब दौऱ्यावर गेलेले.

सर आमच्या गावच्या स्टँडवर उभे होते. दाखला मागितला. मी कॅन पुढं केला. शिवी द्यायला पाहिजे होती, मी तर कान पाडून तयारच होतो. त्यांनी कॅनकडं बघितलं अन् म्हणले, "घरी ने. लेकरं वाट बघून राहिली असतील." मग बाकड्यावर बसले. दोन गाड्या आल्या, गेल्या, सर उठले न्हाईत.

दुसऱ्या साली पुन्हा अर्ज केला. माझ्या हातात काही दिलं न्हाई, म्हणून असंल, मंजूर झाला. खायच्या ज्वारीचं पोतं सायकलला बांधून सर निघाले, मी मागून ढकलायला. आठ-दहा गावं झाली, कुठंच काही न्हाई. लोह्याकडच्या एका म्हातारीनं मडकं आणून उलटं केलं. नुसती राख पडली.

"मास्तर, गेल्या साली यायचं व्हतं रे," ती म्हणली. "आखितीच्या सणाला शेवटची भाकर केली त्याची."

सर खाली बसून राखेत बोट फिरवून दाणा शोधू लागले. ते मला बघवंना, तर मी म्हणलं, सर, आता राखेचा वास घ्या. असला माझा विनोद. कुणी हसलं न्हाई. सरांनी पोतं तिच्या ओसरीवर सोडलं अन् रिकामी सायकल हातात धरून चालत निघाले.

महिन्याभरात त्यांनी पत्र लिहिलं, गोळा करायला आता काही उरलं न्हाई, अनुदान परत घ्यावं. पाकीट मलाच दिलं. मी म्हणलं, दुसऱ्याला सांगा सर, माझा हात वाईट. म्हणले, "न्हाई. तूच ने."

पुढं सर वारले, तोवर त्यांनी बियाण्यासाठी कुण्या गावाचं नाव काढलं न्हाई. पाकीट घेऊन गेलो त्या दिवशी पोस्टात गर्दी नव्हती. पाकीट लगेच घेतलं. सरांचा माझ्या हातून वेळेवर पोचलेला कागद तेवढा एकच.