थोरल्याने वाटे करायचे

"ताई, हे गेले," रघूची बायको सुनीता फोनवर म्हणाली आणि मी "बरं" म्हणाले. शनिवारची दुपार होती, मी घरात स्टुलावर बसून संध्याकाळच्या प्रॅक्टिससाठी फुटबॉलमध्ये हवा भरत होते. फोन ठेवला, हातातला बॉल पुरता भरला, मग पुढचाही भरला, आणि मुलींच्या ग्रुपवर टाकलं की आज प्रॅक्टिस नाही. कारण लिहिलं नाही. रघू परबला दुकानातच झटका आला होता. लालबागला त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून "आता वाचा" म्हणाला आणि खाली बसला, असं नंतर कळलं. संध्याकाळी भोईवाड्याच्या स्मशानात मी गेले. त्याच्या क्लबच्या आणि माझ्या क्लबच्या मुली जर्सी घालून फाटकापर्यंत आल्या होत्या आणि एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी पाण्याच्या बाटल्या वाटल्या, लांबून आलेल्यांना टॅक्सी करून दिल्या. छाया मॅडम खंबीर आहेत, असं कुणीतरी माझ्यामागे म्हणालं. खंबीर कसली... दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं झालं होतं. काही आठवडे उलटले, अजून बरंचसं तसंच आहे.

रघू माझा मित्र होता असं आज सगळे म्हणतात, पण आमची पहिली काही वर्षं एकमेकांना पाण्यात पाहण्यातच गेली. मी बँकेतली नोकरी सांभाळून दादरला मुलींचा फुटबॉल क्लब चालवते, तो दुकान सांभाळून परळला चालवायचा. मुंबईत मुलींचे क्लब असून असून किती असणार, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा तरी गाठ पडायचीच. त्याच्या मुली दांडगट, माझ्या मुली नाजूक, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, माझ्या मुली खेळतात, तुझ्या मुली ढकलाढकली करतात. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, मूळचा मालवणकडचा, रागावला किंवा लाडात आला की मालवणीत शिरायचा. मॅच हरला की हात मिळवताना "गो छाया, आज रेफरी तुझो मामा होतो काय?" असं हसत विचारायचा, आणि ते हसणं मला दिवसभर डाचायचं.

मग वयोगटाचा नियम बदलला. तोवर आमच्या स्पर्धांत वय शाळेच्या वर्षाप्रमाणे, जूनपासून मोजायचे. स्पर्धा समितीने ठरवलं की आता जानेवारीपासून मोजायचं. कागदावर एवढंसं वाटतं. मैदानावर त्याचा अर्थ असा झाला की एका वर्गातल्या, एका बाकावरच्या मुली दोन गटांत गेल्या. तेराच्या आतल्या आणि पंधराच्या आतल्या अशा दोन गटांत माझा क्लब मधोमध चिरला गेला, आणि कुठल्याच बाजूला धड अकरा मुली उरल्या नाहीत. त्याचंही तेच. मोठ्या अकादम्यांना काय, त्यांच्याकडे प्रत्येक वयाच्या पंचवीस मुली असतात. इकडच्या तिकडे केल्या की झालं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी समितीच्या बैठकीत म्हटलंसुद्धा. सगळे हसले आणि चहा आला.

मी नियमाचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, कृपया नोंद घ्यावी. रघूने तसं केलं नाही. तो दुकान बंद करून एकेका मुलीच्या घरी गेला. माझगावला त्याची गोलकीपर सना राहते, तिच्या आईसमोर बसून त्याने सांगितलं की सना आणि तिच्या मैत्रिणी आता एका टीममध्ये नसतील, यात सनाचा काही दोष नाही. मी त्याला म्हटलं, कशाला एवढे जिने चढतोस, मेसेज पुरे होता. तर म्हणाला, "मेसेज आईबाप वाचतत गो. पोरीक कोण सांगतलो?" तेव्हा मला हे उगाचच नाटक वाटलं होतं.

दोघांनी मिळून मार्ग काढायची कल्पना त्याचीच. दोन्ही क्लबच्या मुली एकत्र करायच्या, एकाने थोरला गट चालवायचा, दुसऱ्याने धाकटा. लहान वयाच्या मुलीला वरच्या गटात खेळता येतं, मोठीला खाली येता येत नाही, त्यामुळे मधल्या काही मुली कुठे ठेवायच्या हे आपल्या हातात होतं, आणि भांडण होणार होतं ते त्यावरूनच. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू. तो म्हणाला, चिठ्ठ्या कशाला, गावाला घर वाटून घेताना आजोबांनी केलं तसं करू. "थोरल्यान वाटे करूचे, धाकल्यान आधी उचलूचो." म्हणजे मोठ्याने वाटण्या करायच्या आणि लहान्याने त्यातली आधी निवडायची, मग मोठा झक मारत सारख्या करतो. मी धाकटी, म्हणजे निवड माझी. असा सौदा कोण सोडेल?

परळच्या मैदानाला कडेला एक लांब दगडी पायरी आहे. गणपतीच्या आधी निम्म्या मैदानावर बांबू पडलेले असतात, तेव्हाही ती मोकळी राहते. रविवारी सकाळी त्याने सगळ्या मुलींचे बिब तिथे आणले, बिब म्हणजे सरावात जर्सीवर घालायची ती बिनबाह्यांची बंडी, प्रत्येकीचा नंबर घातलेली. त्याच्या पिवळ्या, माझ्या निळ्या. कोळणीने पाटीवर वाटे लावावेत तसे त्याने दोन ढीग लावले. एक बंडी इकडून तिकडे, परत तिकडून इकडे, चष्मा कपाळावर सरकवून लांबून बघायचा, पुन्हा हलवायचा. तास तरी गेला असेल. मला कंटाळा आला होता. शेवटी बाजूला झाला आणि म्हणाला, "उचल."

मी पाहिलं तर थोरल्या गटाच्या ढिगात सनाची एक नंबरची बंडी होती. माझी गोलकीपर त्याच वर्षी बंगळूरला गेली होती, मला गोलकीपरशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. आणि त्याच ढिगात, सगळ्यात खाली, सात नंबर... जान्हवी, रघूची स्वतःची मुलगी. बारा वर्षांची, त्याच्या क्लबची सगळ्यात चांगली फॉरवर्ड. जन्म जानेवारीअखेरचा, म्हणजे खरं तर धाकट्या गटातच राहायची. त्याने तिला वर घातलं होतं. मी मनात म्हटलं, हा समजतोय मी धाकटा गट घेईन. मी थोरला ढीग उचलला. तो फक्त म्हणाला, "बरा."

त्यानंतर दोन वर्षं मी त्याला छळलं. "तुझी पोरगी तुझ्या नाकावर टिच्चून नेली," हे मी दर बैठकीत, दर मॅचला, एकदा तर त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. तो चष्मा पुसत बसायचा. ताकास तूर लागू देत नसे. आमच्या मॅचला मात्र न चुकता यायचा, धाकट्या गटाचा कोच म्हणून नव्हे तर पालक म्हणून, गोलच्या जाळीमागे उभा. माझा नियम होता, पालकांनी मॅच चालू असताना अवाक्षर काढायचं नाही. रघूसारखा माणूस हाताची घडी घालून, ओठ दाबून उभा राहायचा. मला ते बघायला फार मजा यायची, खोटं कशाला सांगू.

त्याच्याकडे जान्हवी कशी खेळायची ते मी पाहिलं होतं. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी जगाची रीत. या माणसाची तऱ्हा उलटी. इतर मुली चुकल्या की "होता बाय, होता," आणि जान्हवीचा पास चुकला की सगळं मैदान ऐकेल असा ओरडायचा. एकदा हाफटाइमला ती नळापाशी उभी राहून तोंड धूत होती, धूतच होती, पाणी बंद करेना. माझ्याकडे आल्यावर पहिले काही आठवडे ती बॉल पायात आला की आधी जाळीकडे बघायची. मग बघणं कमी झालं. नंतर तिचं माझ्याशी भांडण सुरू झालं, कुठून पळायचं, कुणाला पास द्यायचा, तेव्हा मला बरं वाटलं.

रघू गेल्यावर परळच्या क्लबला कोच उरला नाही. सुनीताने दुकानाला कसंबसं धरलंय. दोन्ही क्लब या वर्षी मीच बघते, एक दिवस दादर, एक दिवस परळ. तेवढ्यात समितीचं पत्रक आलं. आता गटच बदलले, तेरा आणि पंधराच्या जागी चौदा आणि सोळा. म्हणजे दोन्ही टीम पुन्हा फुटल्या. या वेळी मी ग्रुपवर काही टाकलं नाही. मुलींच्या घरी जायलाही पाय उचलला नाही. रविवारी परळला गेले आणि त्या पायरीवर बिब घेऊन बसले. कसलंच काही वाटत नव्हतं, हात चालत होते. एक ढीग चौदाच्या गटाचा, तो परळला, एक सोळाचा, तो दादरला. काम पटकन झालं.

जान्हवी प्रॅक्टिसला लवकर आली होती. उंच झालीय, बापासारखी मान पुढे काढून चालते. ढिगांसमोर उभी राहून तिने बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, हे तुम्ही केलेत?"

"हो. का गं?"

"परळला गोलकीपर नाही. आणि ज्या पळतात त्या सगळ्या दादरला." तिचा आवाज चढला नव्हता. "परळला उरलेल्या दिल्यात."

मी पाहिलं आणि ते तसंच होतं. मुद्दाम केलं नव्हतं, देवाशप्पथ. पण समोरून उचलणारं कोणी नव्हतं. त्यामुळे हात आपला आपल्याकडेच वळला होता, आणि मला पत्ताही लागला नव्हता. मी सगळ्या बंड्या पुन्हा एकत्र केल्या. या वेळी एकेक ठेवताना मनात विचारत होते, रघूने हा ढीग उचलला तर मला चालेल का? आणि हा उचलला तर? सना इकडे, तर दोन चांगल्या बॅक तिकडे. जान्हवीला परळच्या ढिगात ठेवलं, वाटलं, बापाचा क्लब आहे, तिचा हक्क आहे. मग ते असमान वाटलं, म्हणून दोन निळ्या बंड्या सोळाच्या ढिगात सरकवल्या. मुली येऊन मैदानावर बॉल खेळवायला लागल्या होत्या. मी बाजूला झाले आणि जान्हवीला म्हटलं, "मी थोरली. परळसाठी तू उचल."

तिने वेळ लावला नाही. ज्यात तिची स्वतःची बंडी नव्हती तो ढीग तिने दोन्ही हातांनी उचलला. "परळला हा."

"अगं, आणि तू? सात नंबर इथे आहे."

"माहितीये. मी तुमच्याकडेच, दादरला." ढीग छातीशी धरून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेव्हा मी घरी सांगितलं होतं की मला फुटबॉल नाही खेळायचा. आईला सांगितलं होतं, पण बाबांनी ऐकलं. वाटे करायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, जानू, तू सनाच्या वाट्यात असशील. छायाक गोलकीपर व्हयो, ती दुसरा काय बघूचीच नाय. तुका घेऊन जातली. तिच्याकडे मी बोलूक शकनय नाय, तू खेळ."

"आणि मी दोन वर्षं त्यांना..."

"हो ना. घरी येऊन सांगायचे, आज पण चिडवलान म्हणून. हसायचे."

ती ढीग घेऊन मैदानात गेली आणि परळच्या मुलींना एकेकीचा नंबर पुकारून बंडी द्यायला लागली. मी पायरीवर बसले. सहा वाजले होते, मुली रांगेत उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी शिट्टी तोंडात धरली. रघू आता कुठेच नाही, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. शिट्टी दातांत तशीच होती आणि ती फुंकायला छातीत श्वास जमत नव्हता.