दोन कंट्रोलर आणि दसरा

जे नाशवंत आहे त्याची दुसरी प्रत ठेवणं, ही माणसाची काळाशी चाललेली सर्वांत जुनी लढाई आहे. हे वाक्य मी चंद्रपूरच्या एका केबल चॅनलला दिलेल्या कोटेशनच्या पहिल्या पानावर टाकलं होतं. दुसऱ्या पानावर दर होते. चॅनलच्या मालकांनी वाचायला तिथूनच सुरुवात केली.

दोन हजारनंतरची पहिली काही वर्षं. चॅनल संध्याकाळी गावच्या बातम्या आणि हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं दाखवायचं. सगळं कॅसेटींवर, आणि पावसाळा सरला की कॅसेटींवर बुरशी. ते डिस्कवर उतरवायचं आणि एडिटिंगच्या प्रत्येक टेबलाला एकाच साठ्यातून पुरवायचं, असं ठरलं. साठा आखण्याचं काम माझं. तत्त्व साधं होतं: प्रत्येक गोष्ट दोनदा. दोन डिस्कपेट्या, दोन्हींत तोच मजकूर. त्यांचा कारभार बघणारे दोन कंट्रोलर, दोन स्विच, वेगवेगळ्या भिंतींतून नेलेल्या दोन फायबर, दोन यूपीएस. कुठलीही एक वस्तू मेली तरी प्रक्षेपण थांबू नये.

मालकांना सगळे भाऊ म्हणत. त्यांना हे तत्त्व इतकं पटलं की उद्घाटनाला त्यांनी प्रमुख पाहुणेही दोन बोलावले, एक आला नाही तर म्हणून. दोघेही आले. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. फीत दोन ठिकाणी कापण्यात आली.

कॅसेटी सांभाळायला एक बाई होत्या, मूळच्या सिंदेवाहीकडच्या. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या म्हाताऱ्यांना खेडोपाडी गाठून त्यांनी बोलतं केलं होतं. त्यातले बहुतेक आता नव्हते. एका कॅसेटीत बाईंचे वडील होते. दसऱ्याच्या संध्याकाळी त्या मुलाखती दाखवायच्या होत्या.

"डिस्कवर आलं ना सगळं?" भाऊ म्हणाले. "मंग त्या कॅसेटी मोकळ्या करा. लग्नाच्या शूटिंगच्या ऑर्डरी घेऊन राह्यलो मी."

"दसरा होऊ द्या भाऊ. मंग पुसा."

"काऊन? यायच्या मशीनवर भरोसा नाई का तुमचा?"

मी समोरच चहा पीत होतो.

"मशीनवर आहे," बाई म्हणाल्या. "पण माझा बाबा आहे त्यात. त्याचा आवाज दुसरीकडं कुठीच नाई."

भाऊंनी दसऱ्यापर्यंतची मुदत दिली. बाईंनी कॅसेटी कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली.

दसऱ्याला मी वरोऱ्याला घरी होतो. दुपारच्या जेवणाआधी भाऊंचा फोन आला.

"साहेब, मशीन चालू होऊन नाई राह्यली."

"बंद कशी पडली?"

"पडली नाई. बंद केली. पूजा होती ना."

"दोन्ही?"

"मंग? चालत्या मशीनले कोणी हळदकुंकू वाहते का?"

"निदान एक चालू ठेवायची."

"एकीची पूजा केली अन् दुसरी तशीच ठेवली, हे बरं दिसते का?"

भाऊंच्या वडिलांची आरा मशीन होती. दसऱ्याला तिचं पातं थांबायचं, धुतलं जायचं आणि पूजा झाल्यावरच पुन्हा लाकडाला लागायचं. यंत्राला वर्षातून एक दिवस आराम, हा त्या घराचा रिवाज. भाऊंनी दोन्ही यूपीएस स्वतःच्या हातानं, नमस्कार करून बंद केले होते.

पोचलो तेव्हा रॅकला झेंडूचे हार होते, कंट्रोलरवर स्वस्तिकं, समोर आपट्याची पानं. दोन्ही कंट्रोलर सुरू होते, पण कामाला लागत नव्हते. कारभार कोणी घ्यायचा हे पहिला दुसऱ्याला विचारत होता आणि दुसरा पहिल्याला. त्यांतला एक कायम जागा असेल हे आराखड्यात गृहीत होतं. आराखडा मी नागपूरच्या ऑफिसात बसून काढला होता, त्यात दसरा नव्हता. मजकूर शाबूत होता, फक्त तो दुसऱ्या दिवसाआधी हाती येणार नव्हता.

वस्तीतला कार्यक्रम आटोपून बाई पांढऱ्या साडीत आल्या. त्यांनी ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि कपाट उघडलं.

कार्यक्रम ठरल्या वेळी लागला. बाईंचे वडील दीक्षेसाठी पायी चंद्रपूरला आल्याचं सांगत होते. मधे खोकले, कोणाला तरी पाणी मागितलं, ते पिऊन पुढे बोलले. बाई उभ्यानंच पाहत होत्या. मुलाखत संपल्यावर भाऊ म्हणाले, "ह्या कॅसेटी कोणी पुसायच्या नाई. लग्नाले नव्या आणा." बाईंनी किल्ली पुन्हा पर्समध्ये टाकली.

सगळं चाललं ते कोपऱ्यातल्या जुन्या कॅसेट प्लेअरवर. त्या दिवशी ऑफिसातल्या यंत्रांपैकी पूजा झाली नव्हती ती त्याचीच. पूजेचं ताट ठेवायला सपाट जागा तेवढी त्याच्यावरच होती.