सोमवारी माझंच बोट

नातीनं कागद पुढं ठेवला अन् म्हणे, "आबा, लॅबचे किस्से लिहा." मले दुसरे काम नाही का? अशा गोष्टी डोक्यात साचतात, चहाच्या भांड्याले किटन चढते तशा. घासून काढतो. घ्या.

*

आणीबाणीच्या आगंमागं मी भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात लॅबच्या काचा धुवत होतो. रक्त मोजायचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, डबा बरोबर हाय का, हे पाहायले लॅबच्या बोरकर बाई दर सोमवारी आधी माझंच बोट टोचत. माझा आकडा ठरलेला, बारा. बारा आला की मंग पेशंट आत.

बायको म्हणे, "घरी तुमाले कोणी पुसत नाही, अन् तिथं तुमच्यावर दवाखाना चालते!"

*

नागपूरवरून लॅबची परीक्षा घ्यायले रक्ताची बाटली येत होती. नाव नाही, नुसता नंबर. कंपाउंडर ढोमणे पुसे, "पेशंट कुठं हाय?"

बाई म्हणाल्या, "पेशंट नाही. बाटलीच आली."

"अरे बाप्पा, मेला का?"

*

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याचा एक साहेब आला. "तुमच्या रिपोर्टचा भरोसा काय?"

बाईनं माझ्याकडं बोट दाखवलं. "हा."

साहेबानं मले खालून वर पाहिलं अन् नागपूरची बस धरली.

*

एका सोमवारी माझा आकडा चौदा निघाला, तरी डॉक्टरनं काम थांबवलं नाही. पुढच्या सोमवारी सोळा. भरल्या रांगेसमोर ढोमणे बोलला, "काहून नाही वाढणार? पोटुशा बायांच्या लोहाच्या गोळ्या हा कवडूच गिळून राहिला."

डॉक्टर म्हणाले, "चोरी केली असशील तर उद्यापासून येऊ नको."

"गोळीले हात लावला नाही. डबा पाहा तुमचा."

रांगेत आंधळगावची एक पोटुशी पोरगी होती. ओठ पांढरेफटक, अन् आकडा झकास. डॉक्टर तिले घरी धाडून राहिले होते. मी स्टूल घेतला अन् दारातच बसलो. "दुसरा डबा येतपर्यंत ही जात नाही, मीही उठत नाही."

बाई म्हणाल्या, "सर, कवडूभाऊचा आकडा खोटा असन, तर हिचाही खोटा."

बाई स्वतः एस.टी.नं पवनीले गेल्या, तिथल्या दवाखान्यातला डबा घेऊन आल्या. मी बारा. पोरगी आठ! आमच्या डब्यातली रंग जुळवायची काच फिकी पडली होती, म्हणून सगळ्यांचंच रक्त वाढलेलं दिसे. पोरगीले भरती केलं. घरी धाडलेल्या बाकीच्या बायांले बाईनं गावोगाव निरोप देऊन वापस बोलावलं.

डॉक्टरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चुकलं माझं, कवडू."

ढोमणे गोळ्या मोजत होता. मान वर न करता म्हणे, "बाराच हाय ना? मंग कायले बोंबलून राहिला?"

डॉक्टरचं फिटलं. नामदेव ढोमणे, तुझं बाकी हाय.