धाकट्याच्या गॅरेजचा गारवा

आमचा धाकटा मनगटी घड्याळं दुरुस्त करतो. अख्ख्या गावात असा हात नाही. शिकला कुठं विचाराल, तर पहिलं घड्याळ त्यानं माझंच खोललं. ते अजून बंद आहे, तो भाग सोडा.

घराच्या गॅरेजात त्याचं टेबल, वर पत्रा. उन्हाळ्यात आत माणूस भाजून निघतो. पंखा लावायची सोय नाही, कारण घड्याळातली स्प्रिंग भुवईच्या केसाएवढी. वारा लागला की गेली. म्हणून गडी कपाळाला फडकं बांधून बसतो. परवा घामाचा थेंब थेट उघड्या घड्याळात पडला.

"दादा, बास झालं. बाजारातले शोरूमवाले बोलावतायत. तिथं गार असतं. सोमवारपासून जातो."

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना त्याची कीर्ती सांगायची, हे माझं काम. शोरूममध्ये मला कोण बसू देणार?

"गारव्याचं मी बघतो," म्हटलं. आणि बघितलंच. दुकानातला सगळ्यात दांडगा कूलर उचलून आणला. पाणी भरलं, बटण दाबलं. टेबलावरचे सुटे भाग उडाले ते माझ्या चहात, आणि घड्याळांच्या काचा आतून धुरकट.

"दादा, ही घड्याळं आहेत, पालेभाजी नाही! पाणी काय मारतोस?"

कूलर परत गेला. मग मी एसी बसवणारा आणला. त्यानं वरचा पत्रा बघितला, शटरखालची फट बघितली आणि हसला. "साहेब, इथं एसी लावलात तर गल्ली गार होईल."

"होऊ दे की! तुमच्याकडचा सगळ्यात मोठा लावा."

आमची ही कप न्यायला आली होती. "अहो, आत स्कूटर, फाटकी गादी आणि तुमची डबडी. ती गार करून काय लोणचं घालायचंय? बसतो तो एकटा ना? मग त्याच्यापुरतीच खोली करा."

"वहिनी, हे आधी नाही का बोलायचं!" धाकटा म्हणाला.

"तुझ्या दादाच्या तोंडाला सुट्टी असेल तेव्हा बोलणार ना."

झालं. कोपऱ्यात प्लायवूडची खोली उभी राहिली, पुढं काच. वर थर्माकोल, आत छोटासा एसी, हवेचं तोंड छताकडे. स्प्रिंग जागची हलत नाही. धाकट्यानं शोरूमला फोन लावला, "येत नाही."

आत दुसरी खुर्ची मावत नाही. माझी शटरपाशीच आहे, आणि एसीचा बाहेरचा डबा बरोबर माझ्या पाठीमागं. दिवसभर गरम वाफा. पण मी खुर्ची हलवत नाही. गिऱ्हाईक आलं की काचेकडं बोट दाखवतो. "तो आमचा धाकटा. असा हात नाही गावात. आणि एसी? मीच निवडला."

आतून धाकटा जोरजोरात मान हलवत काहीतरी ओरडत असतो. काच जाड घ्या, हे मात्र मीच सांगितलं होतं.