फाळक्यावरची मुलगी

अजमानच्या एका गॅरेजात मी ट्रक रंगवतो. मोर, डोंगर, घारी, जो जे सांगेल ते. इथलं ऊन असं की दोन उन्हाळ्यांत चित्र खलास, मग त्यावरच नवीन. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. धंदाच तो.

खडीच्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता, गुहागरकडचा. गावी त्याची लहान मुलगी तापाने गेली. सुट्टी मिळाली नाही, पोरीला पोचवताना मोबाइलवर बघितलं बिचाऱ्याने. मग फोटो घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "पेंटरभाऊ, मागच्या फाळक्यावर हिला काढा. फिरेल माझ्याबरोबर." मी जीव ओतून काढली. खोर फक्कानहून खडी घेऊन आला की आधी ओल्या फडक्याने तिचं तोंड पुसायचा, मग स्वतःचं.

दुबईच्या गॅलरीवाल्या एका मॅडमनी सिग्नलला ते चित्र पाहिलं आणि थेट ट्रकच्या मालकाला गाठलं. मालक म्हणाला, "लोहा मेरा है, ले जाओ." झालं! फाळका उतरवला. मी मॅडमना म्हटलं, "अहो, ती याची मेलेली मुलगी आहे!" त्या म्हणाल्या, "सो टचिंग!" आणि मुलीची तीच हकीकत छापून चित्राशेजारी लावली. डोंबलाचं टचिंग! उद्घाटनाला मला आर्टिस्ट, आर्टिस्ट म्हणत होते आणि मी ज्यूसचा ग्लास धरून भिंतीला चिकटून उभा. ड्रायव्हरला ट्रीप होती.

ट्रकला नवीन फाळका बसला. आम्हा पेंटरांत तेच चित्र पुन्हा मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही. सेम टू सेम काढून दिलं. मालकाने तेही विकलं! वर मला म्हणतो, "यल्ला पेंटर, और एक बनाओ." मी खूप चिडलो, पण ट्रकसारखं गॅरेजही त्याचंच, आमचे दोघांचे व्हिसाही त्याच्याच हातात. करणार काय, कपाळ?

शुक्रवारी मी तिसऱ्या फाळक्याला पांढरा हात मारत होतो. ड्रायव्हर चहा घेऊन आला, शेजारी बसला.

"पेंटरभाऊ, या वेळी तिला जरा वाईट काढाल?"

"वेडबिड लागलंय का रे तुला?" मी ओरडलोच.

"कोणाला आवडणार नाही अशी काढा," तो खाली बघत म्हणाला. "मग राहील माझ्याकडे."

मी ब्रश बुडवला. पण पोरीचं बिघडवायचं तरी काय, तेच मला कळेना.